व्हाइट विडो: म्हापशातल्या माझ्या काउंटरवर लोक जे जे विचारतात ते सगळं

म्हापशात माझी छोटी फार्मसी आहे, १७ वर्षं झाली. समोरून टॅक्सीवाले, पर्यटक, हणजूण-वागातोरला काम करणारी पोरं, आणि त्यांच्या आया, सगळेच येतात. कोण डोळ्यात घालायचे ड्रॉप्स मागतो, कोण आवाज खाली करून विचारतो की मॅडम हे ओढलं तर गोळीबरोबर चालतं का. गेल्या काही वर्षांत गांजाचं एक नाव सारखं कानावर येतं, व्हाइट विडो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकलं. ओढा असं मी सांगत नाहीये आणि ओढणाऱ्याला शिव्यापण देत नाहीये, जे माहीत आहे ते सरळ सांगते.

व्हाइट विडो म्हणजे नेमकं काय?

गांजाची एक हायब्रिड जात. हापूस, पायरी, मानकुराद ही सगळी आंब्याचीच झाडं ना, तसं हे गांजाच्याच झाडाचं एक नाव. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हॉलंडमध्ये तयार झाली आणि १९९५ ला ॲमस्टरडॅमच्या कॅनाबिस कपमध्ये पहिली आली, त्यानंतर तिथल्या जवळजवळ प्रत्येक कॉफीशॉपच्या (तिकडे गांजा विकणाऱ्या दुकानाला असं म्हणतात) मेन्यूवर ती असायची.

नावातला 'व्हाइट' कशामुळे, तर फुलावर बारीक चिकट दाणे असतात, त्यांना ट्रायकोम म्हणतात, ते एवढे दाट असतात की कळीवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसते. झाडाची राळ त्या दाण्यांत असते आणि नशा आणणारं टीएचसी त्या राळेत. मादी झाडाच्या फुलावरच हे मुख्यतः असतं, म्हणून पानाची भांग सौम्य आणि कळीचा गांजा तेज.

हिचा भारताशी संबंध आहे असं म्हणतात, खरं का?

हो, आणि मला यातला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे. हिचे आईबाप असे सांगतात: एक ब्राझीलची देशी सॅटिव्हा आणि दुसरी दक्षिण भारतातली राळेदार जात, बरेच जण केरळची म्हणतात. केरळमधल्या इडुक्कीच्या डोंगरातला गांजा तर मुंबईपासून गोव्यापर्यंत नावाजलेला होताच. म्हणजे आपल्या चोर्ला घाटातून जी सह्याद्रीची रांग दिसते ना, तीच खाली दक्षिणेत जिथे जाते तिथलं हिचं एक मूळ.

आणि दुसरं मूळ ब्राझीलचं, तेपण बघा कसं आहे. गांजा मुळात ब्राझीलचा नाहीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून अंगोलाहून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो तिकडे गेला असं मानतात, तिथे गांजाला 'मकोन्या' म्हणतात तो शब्दसुद्धा अंगोलाच्या किंबुंदू भाषेतून आलेला. आपल्याकडे काजू ब्राझीलहून आला तोही पोर्तुगीजांच्याच जहाजातून. मला विचाराल तर या झाडाची गोष्ट ऐकायला गोव्याइतकी योग्य जागा नाही.

अजून एक. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात भांगेवर चक्क एक प्रकरण आहे, लिहिणारा गार्सिया द ऑर्ता, डॉक्टर होता. पणजीत चर्चजवळचं जे गार्डन आहे ना, ते त्याच्याच नावाचं. त्याने लिहून ठेवलंय की माझे नोकर मला न सांगता हे घेतात आणि म्हणतात की कामाचा शीण कळत नाही, मन खूश राहतं आणि भूक खूप लागते. साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजपण तंतोतंत लागू आहे, मंचीज तेव्हाही होते.

मग ही बनवली कोणी?

यावर भांडण आहे. ग्रीन हाउस नावाच्या डच कंपनीने ती बाजारात आणली हे नक्की. तिथे काम केलेला एक ऑस्ट्रेलियन ब्रीडर, त्याचं टोपणनाव शांतीबाबा, तो म्हणतो माझी. एक दुसरा ग्रोअर म्हणतो माझी. तेव्हा हे सगळं अर्धवट लपूनछपून चालायचं, कागदपत्रं कोण ठेवणार, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही.

इंडिका म्हणजे झोप, सॅटिव्हा म्हणजे एनर्जी, आणि हायब्रिड म्हणजे दोन्ही, बरोबर ना?

ऐकायला सोपं वाटतं म्हणून सगळीकडे हेच सांगतात, पण यावर भरवसा ठेवू नका. सॅटिव्हा हे नाव लिनियसने १७५३ ला दिलं, युरोपात ज्याच्या धाग्याचे दोरखंड करतात त्या झाडावरून. इंडिका हे लामार्कने १७८५ ला दिलं, भारतातून आलेल्या झाडावरून, म्हणजे इंडिकाचा सरळ अर्थ 'भारतीय'. आता गंमत बघा, आज दुकानदार इंडिका म्हणतात ते बुटकं, रुंद पानाचं, हिंदुकुशकडचं झाड, आणि आपल्या दक्षिणेकडचं झाड उंच आणि अरुंद पानाचं, त्याला हेच लोक सॅटिव्हा म्हणतील. सगळं उलटंपालटं झालंय. इतकी वर्षं सरमिसळ झाल्यावर आता जवळपास सगळंच हायब्रिड आहे. २०१५ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासले तेव्हा एकाच नावाचे दोन नमुने कित्येकदा एकमेकांशी जुळलेच नाहीत.

झोप येणार की डोकं पळणार हे ठरतं टीएचसी किती, सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं रसायन) किती, तुम्ही किती घेतलं, पोटात काय होतं, मूड कसा होता, आधी सवय होती का, यावर. पाकिटावरचं लेबल यात फार मागे येतं.

वास आणि चव कशी असते?

मातकट, लाकडासारखी, वर मिरीचा ठसका आणि मागे पाइनचा वास. काहींना थोडं फुलासारखं, थोडं लिंबासारखं लागतं. धूर घशाला झोंबतो.

हे वास येतात टर्पीन नावाच्या तेलांमुळे, आणि ही तेलं गांजाची मक्तेदारी नाही, आपल्या स्वयंपाकघरात सगळी आहेत. मर्सीन हे आंब्यात आणि गवती चहात असतं. कॅरिओफिलीन मिरीत आणि लवंगेत. पायनीन पाइनच्या झाडात, लिमोनीन लिंबा-संत्र्याच्या सालीत. डबा उघडल्यावर मिरी फोडल्यासारखा वास येतो तो कॅरिओफिलीनचा, आणि हे एक रसायन असं की शरीरातल्या सीबी२ नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरची रसायन पकडणारी जागा) ते स्वतः जाऊन बसतं.

गोव्याच्या पावसाळ्यात मात्र वेगळा वास येतो, कुबट, ओल्या गोणपाटासारखा, त्यापासून लांब राहायचं. आपल्या दमट हवेत कळीला बुरशी लगेच लागते आणि ती धुरातून सरळ छातीत जाते. दमा असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर हे साधं प्रकरण नाही.

असर कसा होतो, किती वेळ टिकतो?

ओढलं तर काही मिनिटांत सुरू, अर्ध्या तासात शिगेला, आणि मग दोन ते चार तासांत हळूहळू उतरतं. व्हाइट विडोबद्दल बहुतेक लोक सांगतात की आधी डोकं हलकं होतं, बोलावंसं वाटतं, गाणं छान ऐकू येतं, आणि नंतर अंग सैल पडतं. कॉफीशॉपवाले टीएचसी साधारण २० टक्क्यांच्या आसपास सांगतात आणि सीबीडी नगण्य.

आत काय होतं ते सांगते, कारण मला ते शिकतानाच फार आवडलं होतं. टीएचसी १९६४ ला इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळं काढलं. पुढे कळलं की मेंदूत त्याच्यासाठी जागाच आहे, सीबी१ रिसेप्टर. मग प्रश्न आला की शरीराने ही जागा गांजासाठी तर ठेवली नसणार, तेव्हा शरीराचं स्वतःचं काहीतरी असेल, आणि १९९२ ला ते सापडलं. त्याला नाव काय दिलं माहितीये? आनंदामाइड. आपल्या संस्कृतमधल्या 'आनंद' वरून, आणि तेपण जेरुसलेमच्या लॅबमध्ये.

हे रिसेप्टर स्मरणशक्तीच्या भागात असतात म्हणून माणूस वाक्य अर्धं बोलून विसरतो, भुकेच्या भागात असतात म्हणून रात्री दोनला ऑम्लेट पाव शोधतो, वेळेचा अंदाज बिघडतो म्हणून दहा मिनिटं तासासारखी वाटतात. लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं, डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून डोळे लाल. ठोके वाढतात, हे बहुतेकांना होतं, आणि हार्टचा त्रास असलेल्याला हेच महागात पडतं.

आणि दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, घाबरं होणं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटणं, छातीत धडधड. टीएचसी जास्त आणि सीबीडी कमी असलेल्या मालात हे जास्त होतं, आणि व्हाइट विडो तशीच आहे. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर माझं उत्तर एका शब्दात आहे, नको.

ब्राउनी खाल्ली तर सेफ ना, धूर नाही काही नाही?

फुप्फुसाला सेफ, बाकी नाही. माझ्या स्वतःच्या भाच्याचं सांगते. पुण्याहून चार मित्र आले, हरमलला कोणाकडून तरी ब्राउनी घेतली, अर्धी खाल्ली, पाऊण तास काहीच झालं नाही म्हणून उरलेली अर्धीपण खाल्ली, वर बीअर. रात्री साडेअकराला मला फोन, आत्ये मी मरतोय. मी आणि माझे मिस्टर गाडी काढून गेलो तर हा फरशीवर बसलेला, हात थंड, घामाने भिजलेला, सारखं म्हणतोय माझं हृदय थांबलंय. पहाटेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो धड शुद्धीत नव्हता. त्या रात्री मला जी भीती वाटली ती मी विसरलेली नाही.

कारण साधं आहे. खाल्लेलं टीएचसी लिव्हरमधून जातं, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते मेंदूत अजून जोरात शिरतं. सुरू व्हायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं. 'चढत नाही' म्हणून दुसरा तुकडा खाणं हीच सगळ्यांची चूक. आणि घरी केलेल्या ब्राउनीत एका कोपऱ्यात कमी, एका कोपऱ्यात तिप्पट, मोजणार कोण.

घरात लहान मूल असेल तर असलं काही फ्रीजमध्ये ठेवूच नका, मुलाला तो केकच दिसतो.

गोव्यात 'व्हाइट विडो' म्हणून देतात ती खरी असते का?

नाव कोणीही लावू शकतो. पाकीट, स्टिकर सगळं छापून मिळतं. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा मोकळा केला तेव्हापासून तिकडचा 'हायड्रो' (मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा) बॅगांतून आपल्याकडे येतो, एअरपोर्टवर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच (२०२५ मध्ये त्यांनीपण परत प्रिस्क्रिप्शनची अट घातली). बाकी बराचसा माल साधाच, वर नाव भारी.

मला नाव खोटं असण्याची काळजी नाही, आत काय आहे त्याची आहे. बाहेरच्या देशांत साध्या पाल्यावर सिंथेटिक रसायन फवारून विकल्याच्या केसेस खूप झाल्या आहेत. टीएचसी सीबी१ ला अर्धवटच चालू करतं, ही सिंथेटिक रसायनं पूर्ण चालू करतात, म्हणून त्यात झटके, उलट्या, बेशुद्धी, मृत्यूसुद्धा झालेत. बघून किंवा वास घेऊन हे ओळखता येत नाही, मलापण येणार नाही.

आमचे आजोबा, मंदिरातले साधू पण ओढायचे, त्यांना काय झालं नाही?

त्यांचा गांजा वेगळा होता हो. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ ला सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ ला ते १२ च्या आसपास गेलं. आणि ही निवडून वाढवलेली जात २० ला. चिलीम तीच असली तरी आत तीच गोष्ट नाही, उर्राकच्या (काजूची सौम्य दारू) पेल्यात फेणी भरल्यासारखं आहे हे. दुसरं म्हणजे आपली पोरं सिगारेटची तंबाखू मिसळून जॉइंट वळतात, मग गांजाची सवय लागो न लागो, निकोटीनची लागतेच, आणि सोडायला तीच जास्त छळते.

सवय लागते का? मुलगा १७ चा आहे, हल्ली डोळे लाल दिसतात.

लागते. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला, आणि कोवळ्या वयात सुरू केलं तर सहात एकाला. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे १७ व्या वर्षीची सवय आणि ३५ व्या वर्षीची सवय सारखी नाही. सोडल्यावर चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं असं होतं, पहिला आठवडा कठीण, दोन-तीन आठवड्यांत बसतं.

रोज घेणाऱ्यांत एक अजून प्रकार बघते मी. वारंवार उलट्या, पोटात दुखतं, आणि गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं. दिवसातून पाच-पाच वेळा अंघोळ. लोक ॲसिडिटीच्या गोळ्या मागायला येतात, आठ-दहा दिवसांनी परत येतात. हा गांजामुळे होणारा उलट्यांचा आजार आहे आणि बंद केल्याशिवाय जात नाही, डॉक्टरला खरं सांगा म्हणजे नको त्या टेस्टवर पैसे जाणार नाहीत.

मुलाशी बोलताना खिसे तपासून सुरुवात करू नका. जेवताना साधं विचारा. ओरडलात तर तो घेणं बंद करणार नाही, सांगणं बंद करेल. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे ओपीडीत नेता येतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस १४४१६, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, दोन्ही फुकट.

जहाजावर जॉइन व्हायचंय, मेडिकलमध्ये दिसेल का?

हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी येतो, अर्धा गोवा जहाजावर आहे. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. एकदाच घेतलं असेल तर लघवीत साधारण तीन दिवस दिसतं, रोजचं असेल तर महिना किंवा त्याहून जास्त. लिंबूपाणी, व्हिनेगर, डिटॉक्सच्या बाटल्या, यातलं काही चालत नाही, माझ्याकडे मागू नका. बापाने कर्ज काढून कोर्स केलेला असतो आणि एका वीकेंडसाठी कॉन्ट्रॅक्ट जातं, अशी दोन घरं माझ्या ओळखीची आहेत.

माझ्या गोळ्या चालू आहेत, चालेल का?

रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेत असाल तर आयएनआर वाढू शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. फिट्सच्या क्लोबाझामबरोबर सीबीडीने गुंगी वाढते. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांच्याबरोबर तर नकोच. दारूबरोबर घेतलं तर चक्कर, उलटी, आणि रक्तात टीएचसीपण जास्त चढतं. बीपीवाले अचानक उभे राहिले की पडतात. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायांनी अजिबात नको, ते बाळापर्यंत जातं.

औषध म्हणून चालतं ना पण?

काही बाबतीत हो. लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालं, केमोच्या उलट्यांवर टीएचसीसारखी औषधं आधीपासून आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२० च्या डिसेंबरात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं, भारताने बाजूने मत दिलं होतं. आपल्याकडे आयुर्वेदात 'विजया' म्हणून पानाची औषधं लायसन्सवर मिळतात, वैद्याच्या चिठ्ठीने. पण औषध म्हणजे मिलिग्रॅम ठरलेलं, तपासलेलं. बीचवर कोणी दिलेली कळी म्हणजे औषध नाही, नाव काहीही असो.

गोव्यात चालतं, पोलीस काय करत नाहीत, असं मित्र म्हणतात.

गोव्याला वेगळा कायदा नाही. १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा म्हापशात जो तोच नागपुरात. कळी असलेला गांजा एक किलोपर्यंत 'कमी प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यावर वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं. चरस, ज्याला पोरं 'क्रीम' म्हणतात, त्याची हद्द खूप लहान आहे, १०० ग्रॅम आणि १ किलो. नुसतं ओढणं हाही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत. कुंडीत एक झाड लावणं म्हणजे लागवड, दहा वर्षांपर्यंत. बाहेरून आणणं वेगळं कलम.

भांगेची पानं या व्याख्येत येत नाहीत, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत.

झडती होत असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर अंगझडती घ्या असं सांगायचा हक्क कलम ५० ने दिलाय, हे लक्षात ठेवा. आणि व्यसन असलेला माणूस कमी प्रमाणात सापडला आणि स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला तर कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

थोडंच घेतलंय, स्कूटर चालवू शकतो ना?

नाही. अंतराचा अंदाज आणि ब्रेक दाबायला लागणारा वेळ दोन्ही बिघडतं, पाच-सहा तास तरी नाही, खाल्लं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. दारूसारखाच हा पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये येतो. रात्रीचा हणजूणचा रस्ता, मध्ये बसलेली गुरं, भाड्याची स्कूटर, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, मला पुढचं लिहवत नाही.

मित्राला खूप चढलंय, घाबरलाय, काय करू?

गर्दी आणि मोठ्या म्युझिकपासून बाजूला न्या. बसवा, थोडं थोडं पाणी द्या, अजून काही देऊ नका, दारू तर नाहीच. सारखं सांगत राहा की तू घेतलंयस त्याचा असर आहे, उतरणार आहे, मी इथेच आहे. एकटं सोडू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. मिरी चावली की उतरतं असं सांगतात, त्याला ठोस पुरावा नाही, नुसती हुंगायला दिलीत तर काही बिघडत नाही.

छातीत दुखतंय, झटके येतात, उठत नाही, श्वास विचित्र आहे, भलतंच बडबडतोय आणि स्वतःला इजा करेल असं वाटतंय, किंवा लहान मुलाने चुकून खाल्लंय, तर वाट बघू नका, १०८ लावा. आणि डॉक्टरला काय घेतलं, कधी घेतलं ते स्पष्ट सांगा. पोलिसांच्या भीतीने 'फूड पॉयझनिंग झालंय' असं सांगतात आणि मग उपचार चुकीच्या दिशेने सुरू होतात. पाकीट उरलं असेल तर तेपण बरोबर न्या.